कुरतडलेल्या पानाचा वेल

१

बद्रीनाथ तौर यांनी पुठ्ठ्याची मोठी घडी उघडली, वरचा पातळ कागद बाजूला केला. खाली असायला हवं होतं ते चित्र नव्हतं.

"वाल कुठं गेला?" ते म्हणाले. मग तेच ओरडून म्हणाले.

तौर सर अंबडमधल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. जालना जिल्ह्यातल्या झाडावेलींवर एक पुस्तक निघणार होतं आणि त्यातली चित्रं काढायचं काम सरांकडे आलं होतं. १९८९चा जानेवारी होता. संक्रांत आठ दिवसांवर आली होती आणि सोमवारी औरंगाबादहून ते पुस्तक लिहिणारे प्राध्यापक स्वतः चित्रं न्यायला येणार होते.

असली चित्रं काढणं सोपं नसतं. नुसतं सुंदर काढून भागत नाही. पान देठाला जिथं फुटतं तिथंच फुटलं पाहिजे, शेंगेत जितके दाणे तितकेच दिसले पाहिजेत. त्यातून ही चित्रं ब्लॉक करून छापायची होती, त्यामुळे फिकट रंग भरून सावली दाखवता येत नव्हती. फक्त काळी शाई. सावली हवी तिथं ठिपके दाट आणि उजेड हवा तिथं विरळ. वालाच्या एका वेलासाठी सरांनी पावसाळ्यापासून ठिपके दिले होते. आणि नेमका तोच कागद नव्हता. पळस, बाभूळ, टाकळा, सगळं जागेवर होतं.

सर तडक बाजारात गेले. कापडवाल्या अप्पारावांच्या दुकानावर धर्मराज साळवे शिडीवर उभा राहून नवी पाटी रंगवत होता. पाटीच्या कडेनं वालाचा वेल चढला होता, जांभळ्या फुलांनी भरलेला.

"चोर!" सर खालून ओरडले. "माझ्या घरातून माझं चित्र चोरलंस!"

शुक्रवारची संध्याकाळ. भाजीवाल्या, गाडीवाले, बसची वाट पाहणारे, सगळे थांबून बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी कौसल्याबाई उढाणांना बोलावलं. बाई त्याच शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. शाळेत कोणाचं काही हरवलं की त्यांच्याकडे जायचं, अशी पद्धतच पडली होती, कारण बाई आधी रागवत नसत, आधी विचारत.

"सोमवारी प्राध्यापकांना तोंड दाखवायचं आणि तिथूनच पोलीस ठाण्यात जायचं," सर म्हणाले. "धर्मराजचं नाव देणार आहे मी."

"तो तुमचाच विद्यार्थी ना?"

"म्हणून तर! वेल मागायला आला होता महिन्यापूर्वी, पाटीसाठी. मी म्हणलं, शास्त्राचं चित्र आहे हे, दुकानावर टांगायचं नाही. मागच्या आठवड्यात मी शिबिराला जालन्याला होतो. जाताना वालाची शाई ओली होती म्हणून कागद टेबलावरच राहिला. तेवढ्यात हा घरी येऊन गेला. आल्यावर टेबल रिकामं दिसलं, वाटलं कागद घडीत ठेवलेला असेल; घडी तशीच बांधून ठेवली, उघडून पाहिलीच नाही. अजून काय पुरावा पाहिजे?"

"त्या चित्राचा कच्चा नमुना आहे?"

सरांनी पेन्सिलीनं काढलेला कागद पुढे ठेवला. बाईंनी चष्मा लावला. काठीला वेटोळे घालत चढलेला वेल, तीन तीन पानांचे झुबके, फुलांचे दोन तुरे. वरून तिसऱ्या झुबक्यातल्या एका पानाला अळीनं कुरतडलेली अर्धगोल खाच होती.

"हे खराब पान मुद्दाम काढलंत?"

"शेतात होतं तसं काढलं. निसर्गाला दुरुस्त करणारा मी कोण?"

सरांची बायको नंदाबाई चहा घेऊन आली. ती घरातच भरतकामाचा क्लास चालवायची. एरवी शनिवारी ओसरी मुलींनी भरलेली असे. आज ओसरी रिकामी होती.

कप ठेवताना ती बाईंकडे न बघता म्हणाली, "धर्मराज तसा न्हाई, बाई."

"तू मध्ये बोलू नको," सर म्हणाले.

ती आत गेली. कौसल्याबाईंनी चहा संपवला आणि म्हणाल्या, "सोमवारपर्यंत ठाण्यात जाऊ नका. तोवर मला विचारू द्या."

२

"या बाई. झडती घ्यायला आल्या का?"

धर्मराज दुकानाच्या पायरीवर बसून ब्रश धूत होता. हात रॉकेलनं चमकत होते.

"चहा प्यायला आले. झडती देत असशील तर तीपण घेते."

त्याला हसू आलं, पण टिकलं नाही. "सर कसे म्हणले माहितीये? बाजाराच्या मधोमध. मला शिडीवरून उतरूबी दिलं न्हाई. सकाळीच खताचा दुकानवाला सांगून गेला, तुझा बोर्ड राहू दे म्हणला. उद्या अजून कोणी यील. माझं सगळं काम भरोशावर हाय बाई. लोकांच्या दुकानात, घरात शिरावं लागतं. चोराला कोण शिरू दील?"

"त्यांच्या घरी गेला होतास ना?"

"गेल्तो. पाटी पाह्यला या, असं सांगायला गेल्तो. सर न्हव्हते. वहिनींनी चहा दिला, पिऊन आलो. टेबलाकडं बिलकुल पाह्यलं न्हाई."

"आणि हा वेल?"

"माझ्या मांडवावरचा. चला, दावतो."

खरंच, त्याच्या घरामागे वालाचा मांडव होता. बाई काठीजवळ वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग अप्पारावांच्या दुकानासमोर येऊन त्यांनी पाटी तितकाच वेळ पाहिली. पानं तिनाच्या झुबक्यात होती. वेलही बरोबर वळला होता. वालाचा वेल समोरून पाहिला तर डावीकडून उजवीकडे चढत जातो. तुम्ही कुठल्याही मांडवाखाली उभं राहून बघा, तो दुसरीकडून चढणार नाही. पुष्कळ रंगारी इथं चुकतात. धर्मराज चुकला नव्हता.

"एकही पान कुरतडलेलं नाही रे तुझ्या वेलावर?"

"बाई, कापडाचं दुकान हाय. कुरतडलेलं पान काढलं तं लोक म्हणतील, अप्पारावच्या कापडालाबी कसर लागली वाटतं!"

दुकानातून अप्पाराव ओरडले, "ए, हळू बोल!"

धर्मराज हलक्या आवाजात म्हणाला, "सर वर्गात म्हणायचे, आधी पाहा, मंग काढा. तेवढं मी त्यांच्याकून घेतलंय. ती चोरी असंल तं केली." मग थोडं थांबून तो म्हणाला, "बाई, सर्जेराव सरांना विचारा की. तेबी चित्रं घरी नेऊन राह्यले होते."

३

सर्जेराव शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. कौसल्याबाईंना दारात पाहताच ते उठून उभे राहिले.

"बाई, मीच केलं," ते म्हणाले.

बाई खुर्चीत बसल्या. "काय केलं?"

सर्जेरावांनी कपाटावरून एक गुंडाळी काढून उलगडली. विज्ञान प्रदर्शनासाठी केलेला तक्ता होता. त्यावर पळसाची फांदी होती, तौर सरांच्या पळसावरून गिरवून काढलेली. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: चित्रे, सर्जेराव.

"बक्षीस मिळालं याला. तौर सरांना दाखवलंच नाही. काल बाजारात त्या पोराला चोर म्हणताना ऐकलं आणि रात्री जेवण गेलं नाही मला."

"आणि वाल?"

"वाल मी पाहिलापण नाही बाई. आईशप्पथ."

बाईंनी तक्त्याकडे पाहिलं. सर्जेरावांनी पळस नेला होता, पण तौर सरांचा पळस घडीत सुखरूप होता. हा माणूस चित्र नेऊन परत आणून ठेवणारा होता. जो कागद गेला होता, तो परत ठेवण्यासारखा राहिला नसेल का? हा प्रश्न बाईंच्या मनात तिथंच पहिल्यांदा आला.

"आपलं नाव खोडा आणि सरांचं लिहा," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर."

सर्जेरावांनी नाव खोडलं. पेन कागदातून आरपार गेलं.

४

परतताना ऊन कलायला लागलं होतं. गल्लीत एका ओट्यावर बेबीनंदा भरतकाम करत बसली होती. ती नंदाबाईंच्या क्लासला जायची. बाईंना पाहून तिनं साडी पदराखाली ओढली.

"काय गं, मला बघून लपवतेस?"

"न्हाई बाई. आमच्या बाई म्हणल्या, संक्रांतीपर्यंत कोणाला दावू नको. नजर लागती."

"माझी नजर आता चष्म्याशिवाय चालत नाही. लागून लागून किती लागेल?"

पोरगी हसली आणि तिनं साडी मांडीवर पसरली.

पदराच्या दोन्ही टोकांना वालाचे दोन वेल समोरासमोर चढत होते. जांभळे तुरे, हिरवी पानं, तीन तीन. बाईंनी साडी उन्हात धरली. उजव्या टोकाचा वेल डावीकडून उजवीकडे चढला होता. डाव्या टोकाचा मात्र उलटा, उजवीकडून डावीकडे. असा वाल जगात कुठंच नाही.

मग त्यांनी पानं मोजायला सुरुवात केली. दोन्ही वेलांवर, वरून तिसऱ्या झुबक्यात, एका पानाला अर्धगोल खाच होती. तिची कड अगदी बारीक टाक्यानं निगुतीनं भरलेली होती.

"हे पान असं का भरलंस?"

"खाक्यातच तसं होतं. मी म्हणलं, बाई, पान पुरं करू का? संक्रांतीला फाटकं पान कशाला? तं लय रागावल्या. म्हणल्या, हाय तसंच भर, एकबी ठिपका हलवायचा न्हाई."

खाका म्हणजे सुईनं टोचून भोकं पाडलेला नक्षीचा कागद. तो कापडावर ठेवायचा आणि वरून रॉकेलात कालवलेली नीळ बोळ्यानं घासायची. भोकांतून नीळ उतरते आणि कापडावर ठिपक्यांची नक्षी उमटते. पदराच्या दुसऱ्या टोकाला जोडी हवी असली की कागद पालथा घालून पुन्हा घासायचं.

"खाका कुठं आहे?"

"बाईंकडंच. पर कालपासून क्लास बंद हाय. सगळ्यांना घरी बसून भरा म्हणल्या."

कौसल्याबाईंनी साडी तिच्या मांडीवर नीट घडी करून ठेवली. त्यांना उत्तर सापडलं होतं, आणि ते दुसऱ्या कोणाच्या तरी घरात सापडलं असतं तर बरं, असं त्यांना वाटत होतं.

५

रविवारी सकाळी त्या नंदाबाईकडे गेल्या. सर आत शिकवणी घेत होते.

नंदाबाई तीळ निवडत होती. बाई तिच्याशेजारी बसून तीळ निवडू लागल्या. थंडीबद्दल बोलल्या, गुळाबद्दल बोलल्या. मुलांच्या बाबतीत त्यांचा एक अनुभव होता. ज्याचं चुकलंय त्याला जागा दिली, घाई केली नाही, की तो स्वतः सांगतो. त्यांनी जागा दिली.

"नंदा, काही सांगायचंय का तुला?" शेवटी त्यांनी विचारलं.

नंदाबाईचा हात तिळात थांबला. "काय सांगू?" ती म्हणाली. मग म्हणाली, "न्हाई."

ठीक आहे, बाईंना वाटलं, आज नाही तर उद्या सकाळी सांगेल. प्राध्यापक यायच्या आधी सांगेलच.

संध्याकाळी त्या बाजारातून जात होत्या तेव्हा अप्पारावांच्या दुकानासमोर गर्दी होती. शिडीवर दुसराच कोणी माणूस होता. तो पाटीवर पांढरा रंग फासत होता. वेल अर्धा गेला होता. वरचा तुरा अजून दिसत होता.

"काय करू बाई?" अप्पाराव हात चोळत म्हणाले. "गिऱ्हाईक विचारून राह्यलंय, चोरीचा वेल तो हाच का म्हणून. मला वाईट वाटतं, पर धंदा हाय."

धर्मराज गर्दीच्या मागे उभा होता. ब्रश फिरला आणि तुराही गेला.

"कालच माहीत होतं मला," कौसल्याबाई म्हणाल्या.

तो वळला. "काय?"

"तू चोर नाहीस हे मला काल संध्याकाळीच कळलं होतं. मी एक दिवस थांबले. चल माझ्याबरोबर."

६

दिवेलागणीला तौर सरांच्या ओसरीवर चौघं बसले. बाईंनी वाटेत बेबीनंदाकडून साडी मागून आणली होती. ती अजून पिशवीत होती.

"सर, मी तुम्हाला वर्गात शिकवल्यासारखं सांगते, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "धर्मराजचा वेल बघा. सगळी पानं धड आहेत. तुमच्या वेलाचं एक पान कुरतडलेलं आहे. तुमच्यावरून काढलं असतं, तर ते पान त्याला दिसलं असतं."

"गाळलं असेल त्यानं!"

"गाळलं असेल. म्हणून एवढ्यावर मी त्याला सोडलं नाही. पण आता असं समजा, हेच कुरतडलेलं पान मला दुसरीकडं सापडलं. जिथं कोणी स्वतःहून खराब पान काढणारच नाही, अशा ठिकाणी. सणाच्या साडीवर."

त्यांनी पदर उलगडला.

सर पुढे वाकले. त्यांनी खाचेवरून बोट फिरवलं. मग दुसऱ्या टोकाच्या वेलाकडे पाहिलं. "हा उलटा वळलाय," ते नकळत म्हणाले. चूक दाखवायची सवय.

"उलटाच. डोळ्यानं बघून काढणाऱ्याचा दुसरा वेल इतका हुबेहूब उलटा येत नाही. तेवढीच फुलं, तेच पान, तीच खाच. एकच कागद एकदा सरळ आणि एकदा पालथा ठेवला तरच असं होतं. म्हणजे खाका. म्हणजे तुमचा कागद टोचला गेला. म्हणून तो परत ठेवता आला नाही."

सर हळूहळू मागे वळले.

नंदाबाई उठली. गाद्यांच्या थप्पीत हात घालून तिनं मधला एक कागद काढला आणि नवऱ्यासमोर न धरता बाईंसमोर धरला.

"धा वर्सं मी म्हणून राह्यले, मला क्लाससाठी एक नक्षी काढून द्या," ती म्हणाली. "काढतो म्हणायचे. दर संक्रांतीला काढतो म्हणायचे. हे जालन्याला गेले आन् टेबलावर हा कागद. पातळ कागद, चारीकडून समास सोडलेला, सगळे ठिपकेच ठिपके. खाक्याला लागतात तसे. मला वाटलं, जाताना माझ्यासाठी ठिवून गेले. बोलायची सवय न्हाई यांना, म्हणून न बोलता ठिवला."

तिनं कागदाची दुमडलेली कड सरळ केली.

"एक एक ठिपका टोचला, बाई. चुकू दिला न्हाई एकबी. म्हणलं संक्रांतीला साडी दावून चकित करावं. शुक्रवारी यांनी घडी उघडली आन् ओरडले, तवा कळलं हे काय हाय. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे धर्मराजचं नाव घेऊन निघूनबी गेले. मंग मला बोलताच येईना. शनिवारी वाटलं आज सांगते. आज तुम्ही शेजारी येऊन बसल्या, तरी सांगितलं न्हाई. धर्मराज, तुझं मी वाटोळं केलं रे."

सरांनी कागद घेतला. बल्ब त्यांच्या डोक्यामागे होता. कागद वर धरला तसा प्रत्येक भोकातून उजेड आला, आणि वालाचा वेल त्यांच्या हातात उजेडाचा होऊन उभा राहिला. सावलीच्या जागी दाट आणि उजेडाच्या जागी विरळ. त्यांनी पावसाळ्यापासून दिलेला एकही ठिपका तिनं सोडला नव्हता.

त्यांनी कागद हळूच मांडीवर ठेवला.

"मी तुला कधीच काढून दिलं नाही," ते म्हणाले. "हे दुकानावर टांगायचं नाही, साडीवर भरायचं नाही, असंच म्हणत आलो मी." मग ते धर्मराजकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. "माझं चुकलं. मला माफ कर."

धर्मराज उठला होता. चपला पायात घालत तो म्हणाला, "सर, चोर म्हणले तवा बाजारात म्हणले. माफी घरात कशाला मागून राह्यले?"

आणि तो निघून गेला.

७

सोमवारी प्राध्यापक आले आणि वालाशिवाय चित्रं घेऊन गेले. पुस्तक थांबणार नव्हतं. सरांनी त्यांना कारण सांगताना बायकोचं नाव घेतलं नाही. आपण कागद उघड्यावर टाकून गेलो, असं सांगितलं.

आठवडी बाजाराच्या दिवशी तौर सर अप्पारावांच्या पांढऱ्या पाटीखाली उभे राहिले. नंदाबाई आणि कौसल्याबाई त्यांच्या मागे होत्या. धर्मराज रस्त्यापलीकडे हाताची घडी घालून उभा होता.

"धर्मराज साळवे यांनी माझं चित्र चोरलं नाही," सर म्हणाले. "मी खोटा आरोप केला."

"काय म्हणून राह्यले मास्तर?" शेजारच्या भाजीवालीनं विचारलं. "मेथी का?"

दोघंतिघं हसले. सरांचा चेहरा लाल झाला. ते निघू पाहत होते.

"सर, जोरात!" रस्त्यापलीकडून धर्मराज म्हणाला. "त्या दिवशी लय लांबवर ऐकू गेल्तं."

सरांनी डोळे मिटले, श्वास घेतला आणि तेच पुन्हा सांगितलं. या वेळी आवाज फाटला, पण पोचला. गाडीवाले थांबले. भाजीवालीनं तराजू खाली ठेवला.

मग नंदाबाई पुढे आली. तिनं कधी बाजारात आवाज चढवला नव्हता. "चित्र माझ्या हातून खराब झालं," ती म्हणाली. "दोन दिस मी गप बसले आन् या पोराला बोल लागू दिला."

कौसल्याबाई काठी टेकत तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. आयुष्यभर त्यांनी मुलांना उभं करून चुका विचारल्या होत्या.

"आणि मला माहीत असून मी एक दिवस थांबले," त्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या. "त्या एका दिवसात ही पाटी पुसली गेली."

आता कोणी हसत नव्हतं. अप्पाराव गल्ल्यावरून उठून दारात आले होते. खताचा दुकानवालाही आपल्या ओट्यावर उभा होता, आणि धर्मराजनं मान वळवून त्याला तिथं उभं असलेलं नीट पाहून घेतलं.

"आता ऐकू आलं," तो म्हणाला.